राजध्वजाची उभारणी, नॉटिंगहॅम (१६४२)

इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स (कार. १६२५–४९) याने यादवी युद्धाच्या प्रारंभी नॉटिंगहॅम येथे युद्धध्वज उभारला, ती घटना. राजाने रणध्वज रोवणे म्हणजे निष्ठावंतांना शस्त्रांसह हजर होण्याची हाक, असा जुना संकेत होता. जानेवारी १६४२ मध्ये पार्लमेंटच्या पाच सभासदांना पकडण्याचा बेत फसल्यावर राजाने लंडन सोडले. एप्रिलमध्ये हल आणि ऑगस्टमध्ये कॉव्हेंट्री या शहरांनी त्याला वेशीबाहेरच ठेवले. १२ ऑगस्टच्या जाहीरनाम्याने प्रजाजनांना नॉटिंगहॅमला बोलावण्यात आले होते.

तिथीबाबत एकवाक्यता नाही. तत्कालीन छापील पत्रकात सोमवार, २२ ऑगस्ट (ग्रेगरियन गणनेने १ सप्टेंबर) असा स्पष्ट उल्लेख आहे. राजपक्षाचा इतिहासकार क्लॅरेंडन २५ ऑगस्ट सांगतो. १६४९ मधील राजावरील आरोपपत्रात ‘२४ ऑगस्ट किंवा त्या सुमारास’ असे मोघम शब्द आहेत. क्लॅरेंडनने हा वृत्तांत काही वर्षांनी लिहिला असल्याने २२ ही तिथी सामान्यतः ग्राह्य धरतात. ध्वज पुढील काही दिवस पुन्हापुन्हा उभारला गेला असावा. तसे असल्यास इतर तिथ्यांचाही उलगडा होतो.

स्थळाचाही घोळ आहे. खटल्यात नॉटिंगहॅमच्या एका रंगाऱ्याने, आपण रंगवलेली ध्वजकाठी किल्ल्याच्या जुन्या बुरुजावर उभी केली होती, अशी साक्ष दिली. पत्रकाप्रमाणे मात्र ध्वज किल्ल्यातून काढून तटामागच्या मोकळ्या जागेत नेला. आज ‘स्टँडर्ड हिल’ म्हणतात ती टेकडी किल्ल्याच्या उत्तरेस तटाबाहेर आहे. दोन्ही जागा निरनिराळ्या वेळी वापरल्या गेल्या, हे मत अधिक संभाव्य वाटते.

ध्वज लांबट पताकेसारखा होता. राजमुकुटाकडे बोट दाखवणारा हात आणि ‘सीझरचे सीझरला द्या’ अशा आशयाचे वचन त्यावर होते. जाहीरनामा वाचला जाण्याआधी राजाने तो मागून घेऊन स्वतःच्या लेखणीने दुरुस्त केला. त्या खाडाखोडीमुळे भाटाला तो अडखळतच वाचावा लागला. क्लॅरेंडनच्या मते संध्याकाळ वादळी होती, ढोल-कर्ण्यांपलीकडे सोहळा नव्हता, आणि त्याच रात्री वाऱ्याने ध्वज कोसळला. हा अपशकुन त्याने जरा चवीने रंगवला आहे.

प्रतिसाद तोकडाच होता. कोणी धाड घातली तर राजाला बिछान्यातूनही उचलून नेतील, अशी धास्ती सेनानी जेकब ॲस्टलीने बोलून दाखवली. लगोलग राजाने तहाची बोलणी लावली. पण ध्वज उतरवल्याखेरीज चर्चा नाही, असे पार्लमेंटने कळवले. सप्टेंबरच्या मध्यास राजा पश्चिमेकडे श्रूजबरीला निघाला. सैन्य खऱ्या अर्थाने तेथे उभे राहिले. राजध्वजाचा वाहक एडमंड व्हर्नी २३ ऑक्टोबर रोजी एजहिलच्या लढाईत मारला गेला. शत्रूच्या हाती पडलेला ध्वज जॉन स्मिथ या अधिकाऱ्याने परत आणला; त्याबद्दल राजाने त्याला नाइट केले.