पैशांशिवायची मजुरी नव्हे, पाहुणचार : ‘वूफ’ची पार्श्वभूमी

सेंद्रिय शेतावर दिवसाचे चार ते सहा तास काम करायचं आणि त्याबदल्यात शेतकऱ्याकडे राहायचं-जेवायचं. पैशांची देवघेव नाही. ‘वूफ’ (इंग्रजीत WWOOF, म्हणजे ‘जगभरातल्या सेंद्रिय शेतांवरच्या संधी’) नावाने ओळखली जाणारी ही पद्धत आज शंभराहून अधिक देशांत चालते, भारतातही. तिची सुरुवात मात्र अगदी घरगुती आहे.

स्यू कोपर्ड लंडनमध्ये सेक्रेटरी होत्या. शेतीशी संबंध नाही, खेड्यात कुणी नातेवाईक नाहीत, आणि शहरात राहून मातीची ओढ काही सुटेना. आपल्यासारख्या माणसाला शेतावर जायला निमित्त तरी काय, हा त्यांचा प्रश्न होता. सेंद्रिय शेतीचा पुरस्कार करणाऱ्या ‘सॉइल असोसिएशन’ या ब्रिटिश संस्थेतल्या ओळखीतून १९७१ च्या शरद ऋतूत ससेक्समधल्या इमर्सन कॉलेजच्या शेतावर चार जणांचा एक शनिवार-रविवार ठरला. तो जमला. मग इतर शेतकऱ्यांकडूनही बोलावणी येऊ लागली आणि सुट्टीपुरतं येणारे लोक जास्त दिवस राहायला मागू लागले.

शेतकऱ्यांना हे का हवं होतं, हे तणाकडे पाहिलं की कळतं. तणनाशक मारायचं नाही म्हटलं की खुरपणी हातानेच करावी लागते. इंग्लंडमध्ये महायुद्धानंतर यंत्रं आणि रसायनं आली, माणसं शेतावरून गेली. मोजके सेंद्रिय शेतकरी उरले, त्यांना हात कमी पडत होते.

या सेंद्रिय विचाराचं एक मूळ आपल्याजवळ, होळकरांच्या इंदूरमध्ये आहे. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात तिथल्या वनस्पती उद्योग संस्थेत कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली. पिकांचा काडीकचरा, शेण, राख आणि गोठ्यातली गोमूत्राने भिजलेली माती यांचे खड्ड्यात थर द्यायचे, पाणी मारायचं, ठरावीक दिवसांनी वरखाली करायचं. साधारण तीन महिन्यांत खत तयार. १९३१ मध्ये यावर निघालेल्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचंही नाव आहे, आणि ते आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं. इथला शेतकरी आपला गुरू, असं हॉवर्ड मोकळेपणाने सांगत. त्यांच्या कामातून प्रेरणा घेतलेल्या ईव्ह बाल्फर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ मध्ये सॉइल असोसिएशन उभी केली. कोपर्ड यांना शेताची वाट दाखवणारी संस्था ती हीच.

पुढे ही पद्धत देशोदेशी पसरली आणि तिच्याबरोबर अडचणीही आल्या. त्या वेळी ‘वूफ’च्या पूर्ण नावात ‘वर्कर्स’ म्हणजे ‘कामगार’ हा शब्द होता. तो वाचून विमानतळावरचे अधिकारी पाहुण्याला परदेशी मजूर समजू लागले. २००० च्या सुमारास तो शब्द काढून ‘संधी’ हा शब्द घातला गेला. शंका मात्र नाव बदलून मिटणारी नव्हती. पोटावर राबवून घेणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. वेठबिगारीवर बंदी घालणारा कायदा आपल्याकडे १९७६ मध्ये आला. फरक इतकाच, आणि तो मला फार मोठा वाटतो, की वूफचा पाहुणा कर्जात अडकलेला नसतो. पटलं नाही तर तो दुसऱ्या दिवशी पिशवी उचलून जाऊ शकतो.

ऑस्ट्रेलियात मात्र जाणं तितकं सोपं राहिलं नाही. तिथे काम करत फिरायला आलेल्या तरुणांना दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ग्रामीण भागात ८८ दिवस ठरावीक कामं केल्याचा दाखला लागे, आणि वूफचे दिवसही त्यात धरले जात. दाखल्यावर सही शेतमालकाची, त्यामुळे तक्रार करायची कशी? पिळवणुकीची प्रकरणं पुढे आल्यावर २०१५ मध्ये सरकारने नियम बदलला. पगाराची पावती असेल तरच दिवस मोजले जातील, बिनपगारी काम चालणार नाही. वूफ तिथे आजही आहे, पण व्हिसासाठी म्हणून कुणी तिथे येत नाही.