मील कूपन आणि किराणा

पगाराचा भाग म्हणून कंपनीकडून जेवणखर्चासाठी मिळणारे ठरावीक किमतीचे कूपन म्हणजे मील कूपन. हेतू कामाच्या वेळेतल्या जेवणाचा. पण मुंबई-पुण्याच्या बऱ्याच घरांत त्यावर महिन्याचे वाणसामान भरले गेले. 'सोडेक्सो' या फ्रेंच कंपनीचे नाव इतके रुळले की कूपन कोणाचेही असो, गल्ल्यावर प्रश्न एकच : 'सोडेक्सो चालतं का?' आयकर नियमाची भाषा मात्र 'फक्त उपाहारगृहात चालणारी, अहस्तांतरणीय व्हाउचरे' अशी होती. त्यात तूरडाळ आणि गोडेतेल कसे बसते, हे सहसा कोणी विचारले नाही.

कूपन म्हणजे सूट नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे लागते. ते आपल्याच पगाराचे पैसे. वाचतो तो फक्त कर. दीर्घकाळ एका जेवणामागे 50 रुपये करमुक्त होते. दिवसाला दोन जेवणे, महिन्याला 22 दिवस, म्हणजे 2,200 आणि वर्षाला 26,400 रुपये. जुन्या करप्रणालीत 30 टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह यावर सुमारे 8,237 रुपये वाचत, 20 टक्क्यांच्या टप्प्यात सुमारे 5,491. आता दुसरी बाजू. रोखीने छापील किमतीवर 5 टक्के सोडणारा दुकानदार कुपनावर काहीच सोडत नसेल, तर महिन्याला 110 आणि वर्षाला 1,320 रुपये हातचे जातात. वरच्या टप्प्यांत हे परवडते. पण करपात्र उत्पन्न 5 लाखांच्या आत असून कमी उत्पन्नासाठीच्या करमाफीने कर शून्यच होत असेल, तर वाचत काही नाही आणि हे 1,320 मात्र जातात. 2020 च्या अर्थसंकल्पात आलेल्या नव्या करप्रणालीतही मील कुपनांची ही करसवलत ठेवली नव्हती.

दुकानदार सूट का देत नसे, याचे कारण त्याच्या हिशेबात आहे. कुपने जमा करून तो ती कूपन काढणाऱ्या कंपनीकडून वटवून घेई. त्यातून सेवाशुल्क कापले जाई आणि पैसे हाती यायला दिवस लागत. साखर, सुटे तांदूळ, तेल यांवर मुळातच नफा कमी, म्हणून या वस्तूंना काही दुकानांत कूपन चालतच नसे. मसाले, बिस्किटे, चहा यांना कोणी हरकत घेत नसे. घरून निघण्यापूर्वी हे विचारून ठेवलेले बरे. पिशवी भरल्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

यादी करताना मधोमध रेघ ओढावी. एकीकडे खाण्याचे जिन्नस, दुसरीकडे साबण, धुण्याची पावडर, उदबत्ती, झाडू. कूपन फक्त पहिल्या बाजूला चालते, म्हणून बिलेही दोन करून घ्यायची. अंदाजासाठी मागच्या महिन्याचे बिल समोर ठेवावे, आणि डब्यात किती उरले आहे ते झाकण उघडून पाहूनच आकडा लिहावा. अर्धा किलो पोहे शिल्लक असताना पुन्हा किलोभर आणले, की त्यांत अळ्या होईपर्यंत ते कोणाला आठवत नाहीत.

कागदी कुपनांत खरी अडचण सुट्या पैशांची, कारण उरलेली रक्कम रोख परत मिळत नसे. बिल 1,340 झाले, तर 50 ची 26 कुपने आणि 40 रुपये रोख द्यायचे. 27 कुपने दिली, की उरलेल्या 10 रुपयांचा बिस्किटपुडा माथी आलाच. म्हणून बिल कुपनांच्या बेरजेपेक्षा थोडे वर जाईल अशीच यादी बांधत. दिवाळीच्या बेसन, रवा, सुकामेव्यासाठी दोन महिन्यांची कुपने राखून ठेवण्याचीही पद्धत होती. तिचा घात मुदत करी. कुपनावर छापलेली तारीख उलटली, की दुकानदार हात लावत नसे. त्यामुळे पुस्तिका आली की जवळच्या मुदतीची कुपने वर ठेवून आधी खपवायची.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कागदी मील व्हाउचर 31 डिसेंबर 2017 नंतर काढता येईनात आणि त्यांची जागा कार्डाने घेतली. नेमकी रक्कम कापली जाते, त्यामुळे बिस्किटपुडा गेला. दोन बिलांची सवय मात्र ठेवावी लागते. शिवाय निघण्यापूर्वी कार्डातली शिल्लक पाहावी, कारण 1,900 शिल्लक असताना 1,940 चा व्यवहार टाकला तर मशीन तो पूर्णच नाकारते. अशा वेळी कॅशियरला 1,900 च कार्डावर घ्यायला आणि वरचे 40 रोख घ्यायला आधीच सांगायचे.