तेलाच्या देशातली जकातीची भिंत

गोव्यात डिचोलीकडे खाणी जोरात होत्या तेव्हाची गोष्ट. काकांच्या शेतात लावणीला माणूस मिळेना. गावातली पोरं खनिज वाहणाऱ्या टिपरवर गेलेली. खेपेवर पैसे मिळायचे, म्हणून पहाटेच गाड्या रांगेत लागायच्या. त्या कमाईच्या तोडीचा रोज देणं काकांना परवडण्यासारखं नव्हतं. जमीन तीच, पाऊस तोच. शेजारी जास्त पैसे देणारा धंदा उभा राहिला, एवढंच झालं होतं.

तेलावर जगणाऱ्या देशात हेच होतं, पण तिथे मजुरीबरोबर चलनही महागतं. नेदरलँड्समध्ये १९५९ साली ग्रोनिंगेनला नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. वायू विकून परकी पैसा आला, तिथलं तेव्हाचं चलन गिल्डर वधारलं आणि तिथल्या कारखान्यांचा माल बाहेरच्या गिऱ्हाइकाला महाग पडू लागला. या दुखण्याला पुढे ‘डच रोग’ असं नाव पडलं.

कारखाने बुडताना दिसले की सरकार परदेशी मालावर जकात वाढवतं, नाहीतर बंदीच घालतं. तसं वाटणं साहजिक आहे. पण एक चपलांचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. तेलाचे डॉलर देशात येतच आहेत. आयात अडवली की ते डॉलर विकत घेणारे कमी होतात, म्हणजे देशी चलन आणखी चढतं. शिवाय चपलेचं चामडं, तळवे, यंत्राच्या सुया बाहेरून येतात, त्यांच्यावरही जकात. घरचं गिऱ्हाईक राखलं गेलं, पण परदेशात चप्पल विकायची वाट बुजली. तेलाचं मात्र काही बिघडत नाही, ते डॉलरमध्येच विकलं जातं. आयातीवरचा कर शेवटी निर्यातीवरच बसतो, हे आबा लर्नर या अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली मांडलं. तेलाच्या देशात त्याचा भार तेल सोडून बाकीच्यांवर पडतो. या विषयात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, कारण ज्याला वाचवायचं म्हणून भिंत बांधली, तोच तिच्याखाली दबतो.

नायजेरियाच्या निर्यातीत तेल आणि वायूचा वाटा सुमारे नऊ दशांश. तिथे तांदळाच्या आयातीवर बरीच वर्षं बंधनं होती, म्हणून शेजारच्या बेनिनमधल्या कोतोनू बंदरात उतरलेला तांदूळ चोरवाटांनी आत यायचा. ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारने जमिनीवरच्या सीमाच मालासाठी बंद केल्या. अन्नधान्य महागलं. डिसेंबर २०२० मध्ये त्या पुन्हा उघडायला घेतल्या.

इंडोनेशियाने दुसरी वाट धरली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या निर्यातीतला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग तेल आणि वायूचा होता. १९८५ साली सरकारने जकाती खाली आणल्या आणि मालाच्या तपासणीचं काम आपल्या सीमाशुल्क खात्याकडून काढून एका स्विस कंपनीकडे सोपवलं. पुढच्या वर्षी तेलाचे भाव कोसळले. तेव्हा निर्यातदारांना कच्चा माल जकातीशिवाय आणायची मुभा मिळाली, आणि सप्टेंबरमध्ये रुपियाचं मूल्य जवळपास एक तृतीयांशाने उतरवलं. नुसती जकात काढली असती आणि चलन महागच ठेवलं असतं, तर बाहेरच्या मालाचा लोंढा आला असता. दोन्ही जोडीने केलं म्हणून कपडे, बूट बाहेर जाऊ लागले. दशक संपेपर्यंत निर्यातीत तेलाबाहेरच्या मालाचा वाटा निम्म्याच्या वर गेला.

तरी हे फुकटात होत नाही. जकातीच्या आडोशाने तगलेले कारखाने आधी बंद पडतात, नवे उभे राहायला वर्षं लागतात, आणि मधल्या काळात हातचं काम गेलेल्या माणसाच्या घरी चूल पेटायला हवी. नायजेरियातल्या कानो शहरात एके काळी निर्यातीच्या भुईमुगाच्या पोत्यांचे मनोरे रचलेले असत. तेलाच्या काळात ते नाहीसे झाले. ते परत यायचे तर आधी बियाणं, रस्ते आणि ती शेती जाणणारी माणसं परत यायला हवीत.

आमच्याकडे २०१२ साली खाणी थांबल्या. टिपर दारासमोर उभे राहिले आणि माणसं मोकळी झाली. पण काकांच्या शेताच्या मेरा तोवर फुटल्या होत्या, पाटात खाणीची माती बसली होती. ती उपसण्यातच पहिला पावसाळा गेला.