हिरडीच्या फटीत टिकून राहणारे औषध

विदर्भाच्या खेड्यांत दात हलू लागला की तो काढून टाकायचा, एवढाच उपचार बहुतेकांना ठाऊक असतो. तो का हलला, याचे उत्तर पुष्कळदा पायरियात असते. निरोगी हिरडी आणि दात यांच्यात एक ते तीन मिलिमीटर खोल फट असते. किटण आणि जंतू साचले की हिरडी सुजून दातापासून सुटते, फट पाच-सहा मिलिमीटरपर्यंत खोल जाते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण, गालात धरून ठेवणाऱ्यांच्या हिरड्या नेमक्या त्याच जागी मागे सरकलेल्या दिसतात.

या खोल फटीत ना ब्रश पोहोचतो, ना गुळण्यांचे औषध. पोहोचलेच, तरी हिरडीतून सतत पाझरणारा द्रव ते धुऊन काढतो. पाच मिलिमीटरच्या फटीतला हा द्रव तासाभरात सुमारे 40 वेळा बदलतो. गोळी द्यावी, तर चार दातांसाठी सगळ्या शरीराला प्रतिजैविक घ्यावे लागते.

म्हणून फटीतच घट्ट होणारी जेल तयार झाली. अमेरिकेत 1998 साली मान्यता मिळालेल्या एका जेलमध्ये 10 टक्के डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक आणि द्रावकात विरघळवलेले पॉलिलॅक्टिक आम्ल हे बहुवारिक (पॉलिमर) असते. सिरिंजच्या बोथट नळीतून ती फटीत सोडतात, हिरडीला टोचत नाहीत. ओलावा लागताच द्रावक बाहेर पडतो, जेल मेणासारखी घट्ट होते, आठवडाभर औषध सोडत राहते आणि पुढे आपोआप विरघळून जाते.

दुसरी युक्ती तापमानाची आहे. पोलॉक्झामर नावाच्या बहुवारिकाचे सुमारे 20 टक्के द्रावण थंड असताना वाहते आणि शरीराच्या उष्णतेने घट्ट होते. प्रयोगशाळेत हे देखणे आहे, पण मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जाणाऱ्या चंद्रपुरात ते तोंडात जाण्यापूर्वी सिरिंजमध्येच गोठेल. थंड केल्यावर ते पुन्हा पातळ होते, हे खरे; मात्र त्यासाठी फ्रिज हवा आणि वीजही हवी. त्यामुळे आपल्याकडे ओलाव्याने घट्ट होणारी जेल अधिक व्यवहार्य वाटते.

किटण खरवडून काढल्याशिवाय यांतली कोणतीही जेल फारशी उपयोगाची नाही, आणि नुसत्या खरवडण्याच्या तुलनेत तिच्यामुळे फटीची खोली सरासरी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमीनेच अधिक घटते. म्हणून ती सरसकट सगळ्या दातांना न भरता, सफाईनंतरही बऱ्या न झालेल्या खोल फटींसाठी राखून ठेवणेच योग्य. टेट्रासायक्लिन वर्गातल्या औषधांची ॲलर्जी असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्सिसायक्लिनची जेल टाळावी. ज्यांना ती भरली आहे, त्यांनी आठवडाभर त्या जागी ब्रश किंवा दोरा फिरवू नये, आणि खर्रा तर नकोच.