उकळूनही न जाणारं विष

‘एक कढ येऊ द्यायचा, शिंपा उघडला की तिसरी खायला मोकळी.’ दिवाळे कोळीवाड्यात तिसऱ्यांचा वाटा घेताना हा सल्ला हमखास मिळतो. न उघडलेली तिसरी टाकून द्यायची सवय चांगलीच. मेलेली, सडकी त्यात वगळली जाते. उकळून जंतूही मरतात. पण सॅक्सिटॉक्सिन हे विष उकळून जात नाही. त्याला वास नाही, आणि ज्या शिंपल्यात ते साठतं तो ठणठणीत जिवंत असतो.

हे विष ॲलेक्झांड्रियमसारखी एकपेशीय शैवालं बनवतात. तिसऱ्या, कालवं, शिनाणे पाणी गाळून पोट भरतात. पाण्यात ही शैवालं माजली की विष त्यांच्या मांसात साचत जातं.

ते आपल्या शरीरात काय करतं, हे विलक्षण आहे. मज्जातंतूतून संदेश जातो तेव्हा पेशीच्या आवरणातल्या सूक्ष्म छिद्रांतून सोडियमचे आयन आत घुसतात. सॅक्सिटॉक्सिनच्या रेणूतला ग्वानिडिनियम हा धनभारित अणुगट नेमका छिद्राच्या ऋणभारित तोंडाशी जाऊन बसतो, बाटलीला बूच बसावं तसा. एक रेणू, एक छिद्र बंद. आधी ओठ झिणझिणतात, बोटं बधिर होतात. मात्रा मोठी असली तर श्वासाचे स्नायूच थांबतात. उतारा नाही. विष लघवीवाटे निघून जाईपर्यंत रोग्याला कृत्रिम श्वासावर जगवायचं.

मग शिंपला कसा जगतो? उत्तर अमेरिकेतल्या माया अरेनेरिया या शिंपल्यात २००५ साली उत्तर मिळालं. छिद्राच्या प्रथिनात ग्लुटामिक आम्लाच्या जागी ॲस्पार्टिक आम्ल, एवढा एकच बदल, आणि विषाची पकड हजारपटीने सैल! असे शिंपले जास्त विष साठवतात, म्हणून आपल्याला जास्त घातक.

माशांवर दूध प्यायलं की कोड येतं, ही भीती घराघरांत आहे. तिला कसलाही आधार नाही. केरळातल्या विळिंजमला १९९७ साली शिनाणे खाऊन सात माणसं गेली, ती मात्र खरी.

यावर उपाय तपासणीचाच. पाण्यातली शैवालं मोजायची, शिंपल्यांच्या मांसाचा अर्क काढायचा. पूर्वी तो उंदराला टोचून तो किती वेळात मरतो ते पाहत. आता क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे अर्कातले घटक वेगळे करून, विष थेट मोजता येतं. मर्यादा किलोमागे ०.८ मिलीग्रॅम. ती ओलांडली की त्या भागातले शिंपले काढणं बंद. परदेशी जाणाऱ्या मालाला लागते तीच चाचणी ठाणे खाडीच्या चिखलात ओहोटीला वेचलेल्या तिसऱ्यांनाही नियमित मिळाली पाहिजे.

तोवर, शिंपले खाल्ल्यावर ओठ झिणझिणले तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना आधी सांगा.