मार्बल कटर म्हणजे छोटी सर्क्युलर सॉ नव्हे

जळगाव, धुळे, शहादा, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात जा. चार इंची मार्बल कटर आणि लाकूड कापायची सात इंची सर्क्युलर सॉ एकाच फळीवर शेजारी शेजारी मांडलेली दिसतात. बोलताना दोन्हीला ‘कटर’च म्हणतात. त्यात मार्बल कटर स्वस्त, हलकं, एका हातात मावणारं. दुकानदार सोबत लाकडाचं दातेरी पातंही काढून देतो, “हे टाका भाऊ, प्लाय पण कापतं.” कापतं, यात खोटं काही नाही. आपल्याकडे फर्निचरचं कितीतरी काम असंच चालतं. पण सुतारकामातली बोटं जायची असतील तर ती इथेच जातात, म्हणून हा फरक नीट कळायला हवा.

मार्बल कटर फरशी, ग्रॅनाइट, टाइल कापायला बनलंय. त्याच्या डायमंड चकतीला लाकडाच्या पात्यासारखे दात नसतात. ती दगड घासत घासत कापते, म्हणून वरच्या अर्ध्या भागावर पक्कं गार्ड, म्हणजे झाकण, आणि खालचा भाग उघडा, एवढ्यावर भागतं. त्याच जागी दातेरी पातं बसवलं की सगळं गणित बदलतं. दात घासत नाही, चावतो. लाकडात अडकला तर मोटरचा सगळा जोर मशीनवर उलटतो आणि मशीन उसळून तुमच्याकडे येतं.

सर्क्युलर सॉला याच उघड्या भागासाठी खाली दुसरं, स्प्रिंगवर सरकणारं गार्ड असतं. लाकडात शिरताना ते मागे सरकतं आणि सॉ उचलली की पापणीसारखं मिटतं. स्विच सोडल्यावरही पातं काही सेकंद फिरत राहतं. त्या सेकंदांत मार्बल कटर घेऊन उकिडवा बसलेला माणूस काय करतो ते पाहा: कापलेला तुकडा सरकवायला डावा हात पुढे नेतो आणि मशीन उजव्या मांडीशी टेकवतो. पातं अजून फिरतंय आणि त्याच्या व मांडीच्या मध्ये काहीच नाही.

लहान मशीन म्हणजे धोका कमी, हाही गैरसमज. मार्बल कटर मिनिटाला साधारण 12,000 ते 13,000 फेरे घेतं, सात इंची सॉ 5,000 ते 5,800. पात्याचा व्यास धरून हिशेब केला तर 110 मिमीच्या पात्याची कड 13,000 फेऱ्यांना ताशी सुमारे 270 किलोमीटरने धावते, 185 मिमीच्या पात्याची 5,500 फेऱ्यांना सुमारे 190 ने. शिवाय लाकडाच्या पात्यावर सहसा कमाल आर.पी.एम., म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे चालतात ते, छापलेला असतो. तो मशीनच्या वेगापेक्षा कमी असेल तर ते पातं त्या मशीनवर चढवूच नका. लोखंड घासायच्या-कापायच्या ग्रायंडरला दातेरी पातं लावणं तर याहून वाईट. त्याला खाली टेकायला बेस प्लेटही नसते, सगळा तोल मनगटावर. तो विषय माझ्यासाठी तिथेच संपतो.

सॉ घेतली म्हणजे निर्धास्त झालो, असंही नाही. सॉ उसळते मुख्यतः फळीतला काप मिटल्यामुळे. आठ बाय चारचा प्लाय दोन टोकांना टेकवून मधोमध कापायला घेतला, की कापत जाल तसा तो खाली झोळतो. काप वरून मिटतो आणि पात्याची मागची बाजू चिमटीत धरली जाते. मागचे दात खालून वर येत असतात, त्यामुळे सॉ उचलली जाऊन मागे फेकली जाते. त्यासाठी कापाच्या दोन्ही बाजूंना, रेघेच्या जवळच आधार द्या. जमिनीवर जाड थर्मोकोल अंथरून त्यावर पूर्ण शीट ठेवली तर उत्तम. पात्याची खोली लावताना पातं थर्मोकोलात थोडं शिरलं तरी बिघडत नाही. 19 मिमीच्या प्लायसाठी पातं 24-25 मिमी उतरवा, त्याहून जास्त नको. सनमायकाची बाजू खाली ठेवा, कारण पात्याचे दात वर येताना वरचा थर उडवतात. सॉला दोन मुठी आहेत, दोन्ही हात तिथेच हवेत. फळी क्लॅम्पने धरायची, पायाने नाही. उभं राहायचं ते रेघेच्या एका बाजूला. मध्येच अडकली तर स्विच सोडून पातं थांबेपर्यंत सॉ जागेवरच दाबून धरा, फिरत्या पात्यासकट मागे ओढू नका.

आपल्या भागाच्या दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. पहिली विजेची. बऱ्याच मार्बल कटरचा आणि ग्रायंडरचा स्विच ‘ऑन’वर अडकून राहतो. लाइट गेली, मशीन तसंच फळीवर ठेवून चहाला गेलात आणि लाइट आली, तर ते आपोआप सुरू होतं. बहुतेक सर्क्युलर सॉला आधी अंगठ्याने खटका दाबावा लागतो, मगच ट्रिगर ओढला जातो. मशीन कुठलंही असो, लाइट गेली की प्लग काढा. पातं बदलतानाही प्लग काढलेलाच हवा. काडी खुपसून सॉकेटमध्ये अडकवलेल्या उघड्या वायरी नकोत, नीट बसणारा प्लगच हवा.

दुसरी, जुन्या लाकडाची. धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर पाडलं की निघालेले सागाचे खांब आणि तुळया कापून चौकटी करतात. लाकूड सोन्यासारखं असतं, पण आत खिळे बुजलेले. पात्याला खिळा लागला की कार्बाइडचा (पात्याच्या टोकाला बसवलेल्या कठीण धातूचा) दात तुटून गोळीसारखा उडतो. कापण्याआधी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक रेघेवरून फिरवा, जिथे ओढ लागेल तिथे खिळा काढा. डोळ्यांवर गॉगल हवाच. मे महिन्यात पारा 44-45 वर जातो तेव्हा तो नकोसा होतो, तरीही हवा. गळ्यातला रुमाल मात्र काढून बाजूला ठेवा.

खालचं गार्ड आडवं येतं म्हणून काही जण ते तारेने वर बांधून टाकतात. अशी सॉ म्हणजे मोठं मार्बल कटरच झालं. ती कुणी देऊ केली तर तार सोडेपर्यंत हात लावू नका. नवी घेताना दुकानातच, प्लग न लावता, ते गार्ड बोटाने मागे ओढून सोडून पाहा. खट्कन पूर्ण मिटलं पाहिजे. अर्ध्यावर रेंगाळलं तर दुसरा डबा उघडायला सांगा.