गाडीअड्डा ते स्टिल्ट : कोल्हापुरातल्या पार्किंगच्या भांडणांची पार्श्वभूमी

व्हीनस कॉर्नरच्या मोकळ्या जागेला कोल्हापूरकर अजून गाडीअड्डाच म्हणतात. नाव पडलं ते बैलगाड्यांच्या काळात. आता तिथे बाहेरगावच्या मोटारी लागतात, पण नाव बदलायची गरज कुणाला वाटली नाही. गाडी कुठे सोडायची याची सोय शहराने आधी करायची आणि मग बाजार भरवायचा, ही रीत या शहराला एकेकाळी माहीत होती, एवढा पुरावा त्या नावात शिल्लक आहे.

१८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. १८९४ मध्ये शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, स्टेशनाच्या बाजूला शाहूपुरीची व्यापारी पेठ वसवली. गूळ हा तिथला मुख्य माल. गुऱ्हाळावरून निघालेली गाडी पेठेत यायची, गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उतरायचे, सौदा व्हायचा, मग बैल सोडून गाडीवान तिथेच मुक्काम टाकायचा. त्यामुळे रस्ते रुंद ठेवणं, अड्ड्याला जागा सोडणं हा व्यापाराचाच भाग होता. शाहूपुरी आणि पुढे राजाराम महाराजांच्या काळात आखलेली राजारामपुरी यांचे सरळ, काटकोनातले रस्ते आणि आकड्यांच्या गल्ल्या बघितल्या, की मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, जुना बुधवार यांच्याशी असलेला फरक नकाशा न उघडताही कळतो.

जुन्या पेठांची रचना पायी चालणाऱ्यांसाठी झाली. सरदारांच्या वाड्यांना पागा होत्या, पण त्या वाड्यांपुरत्या. साध्या घराला पुढे सोपा, मागे परडं आणि परड्यात एखादी म्हैस. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर समोर धार काढून दूध देण्याची पद्धत आली ती शहरातच म्हशी असल्यामुळे. त्या म्हशी गेल्या तसं परड्यातल्या गोठ्याचं पत्रे मारून दुचाकीचं शेड झालं. बोळच जिथे जेमतेम, तिथे चारचाकी मात्र परड्यापर्यंत पोचत नाही. म्हणून शिवाजी पेठेतला चारचाकीवाला रात्री गाडी तालमीच्या पुढे, देवळाच्या कडेला किंवा मोठ्या रस्त्यावर लावून घरी चालत येतो. त्या जागेवर त्याचा हक्क कागदोपत्री काही नाही. पण वीस वर्षं तिथेच लावली, की गल्ली ती जागा त्याची मानते. नवखा कुणी तिथे गाडी घुसवू लागला तर वरच्या खिडकीतून आवाज येतो, "भावा, ती दादांची जागा हाय, तू जरा फुडं घे की." कायद्याच्या पुस्तकात न सापडणारी ही वहिवाट पेठांमधलं निम्मं पार्किंग सांभाळते. नियमांच्या भाषेत हे सगळं 'दाट वस्ती'त मोडतं, आणि दाट वस्तीत नव्या बांधकामालाही पार्किंगची अट सौम्यच ठेवलेली आहे. नियम करणारे दुसरं करणार तरी काय होते?

सार्वजनिक इमारतींचंही असंच. खासबागेचं कुस्ती मैदान १९१२ चं, पॅलेस थिएटर म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ चं. हजारो माणसं जमवायच्या या जागा, पण माणसं येणार पायी, टांग्याने नाहीतर बैलगाडीने. त्या काळी संस्थानात मोटार म्हणजे राजघराण्याची गोष्ट. (राजाराम महाराजांची मेबॅक अजून दसऱ्याला शाही लवाजम्यात निघते. दसरा चौकात पार्किंग शोधावं न लागणारी बहुधा ती एकच गाडी.)

मग शहर बदललं ते दोन टप्प्यांत. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं, १८५४ पासूनच्या नगरपालिकेची १९७२ मध्ये महापालिका झाली. याच सुमाराला स्कूटर मध्यमवर्गीय घरात येऊ लागली, तीही नंबर लावून, काही वर्षं वाट पाहून. स्कूटर जिन्याखाली मावत होती, त्यामुळे कुणाला काळजी नव्हती. दुसरा टप्पा डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली तेव्हा सुरू झाला. साधारण त्याच काळात ताराबाई पार्क, नागाळा पार्क, राजारामपुरी इथले बंगले पाडून अपार्टमेंट उभी राहू लागली. एका बंगल्याच्या प्लॉटवर आठ-दहा कुटुंबं आली आणि त्या सगळ्यांच्या गाड्यांसाठी खालचा मजला खांबांवर मोकळा सोडायची पद्धत रूढ झाली. बिल्डर त्याला स्टिल्ट म्हणतो, रहिवासी नुसतं 'पार्किंग'. ही जागा चटईक्षेत्रात, म्हणजे प्लॉटवर परवानगी असलेल्या बांधकामाच्या मोजणीत, धरली जात नाही. म्हणजे बिल्डरला ती सोडल्याने तोटा नाही, आणि नंतर तिथे शटर लावून गाळा काढला तर फायदाच फायदा. शहरात नकाशावर पार्किंग आणि प्रत्यक्षात झेरॉक्सचं दुकान, अशी उदाहरणं कुठल्याही मोठ्या रस्त्याने चालत गेलं तर मोजता येतील. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, मिळेपर्यंत खांब मोकळे, मग हळूच भिंत.

नियम मागून आले, आणि ते मालमत्तेच्या प्रकारानुसार वेगळे आले. २ डिसेंबर २०२० रोजी मुंबईसह काही भाग वगळून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. कोल्हापूर तिच्यात येतं. तिचा हिशेब असा : राहत्या घराला चटईक्षेत्राप्रमाणे, म्हणजे फ्लॅट जितका मोठा तितकी चारचाकींची जागा जास्त, लहान फ्लॅटांना दोन-दोन मिळून. दुकान-ऑफिसला चौरस मीटरवर, नाट्यगृह-सिनेमागृहाला खुर्च्यांवर, रुग्णालयाला खाटांवर. चारचाकीची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर, दुचाकीची एक बाय दोन.

या आकड्यांचा अर्थ जमिनीवर उतरवून बघावा. अडीच गुणिले पाच म्हणजे साडेबारा चौरस मीटर. गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा. म्हणजे एका गुंठ्यात आठ गाड्या, त्याही वळवायला, बाहेर काढायला तसूभर जागा न सोडता. आपल्याकडे एका गुंठ्यात माणूस आख्खं घर बांधतो. उपनगरांत गुंठेवारीने प्लॉट पडले तेव्हा हेच झालं. शेतकऱ्याने तुकडे विकले, घेणाऱ्याने कडेपासून कडेपर्यंत घर उठवलं, सामासिक अंतर, म्हणजे घराभोवती सोडायची मोकळी जागा, नावाची गोष्ट त्याला कुणी सांगितली नाही. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला. पुढे २०२१ च्या दुरुस्तीने २०२० अखेरपर्यंतच्या गुंठेवारीलाही ती वाट मोकळी झाली. घरं कायदेशीर झाली, पण त्यांच्या गाड्या होत्या तिथेच राहिल्या, वीस फुटी रस्त्यावर, दोन्ही बाजूंना. कचऱ्याची गाडी आत येईना म्हणून हॉर्न वाजवत उभी आहे, हे दृश्य रोज सकाळचं.

यात कोल्हापूरची एक स्वतःची अडचण आहे. महापालिकेची हद्द १९७२ पासून वाढलेली नाही, क्षेत्र ६६.८२ चौरस किलोमीटरच. २०११ च्या जनगणनेत त्यात साडेपाच लाखांच्या आसपास माणसं होती. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, कळंबा इथे शहर कधीच पोचलं, पण कागदावर ती गावंच. त्यांच्यासाठी २०१७ मध्ये ४२ गावांचं प्राधिकरण नेमलं, तोवर बरीच बांधकामं ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर उभी राहून गेली होती. तिथला माणूस सकाळी गाडी घेऊन शहरात येतो आणि लक्ष्मीपुरीत जागा शोधत तीन फेऱ्या मारतो.

तळघराचा उपाय इथे बेतानेच घ्यावा लागतो. पुण्यात बिल्डर दोन-दोन तळघरं काढतो. आपल्याकडे ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क परिसरात पाणी आलं तेव्हा तळघरं आधी भरली. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. पावसाळ्यात या भागातले लोक त्या आकड्यावर डोळा ठेवून असतात आणि पाणी चढायला लागलं, की आधी गाड्या उंचावरच्या पाहुण्यांकडे नेऊन लावतात. पूररेषेजवळच्या इमारतीचं तळघर हे आठ महिन्यांचं पार्किंग समजावं.

जागा किती सोडायची हा प्रश्न असा नगररचनेचा. ती जागा कुणाची, हा वेगळाच, आणि खरी भांडणं तिथली. १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्याने बिल्डरला फ्लॅट विकायचे नियम घालून दिले, पण त्यात पार्किंगबद्दल स्पष्ट बोललेलं नव्हतं. त्या फटीतून 'फ्लॅट इतक्याला, पार्किंगचे वेगळे' ही पद्धत शिरली. कुणी पावती दिली, कुणी नुसत्या शब्दावर पैसे घेतले. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सांगितलं, की स्टिल्टमधली जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती फ्लॅटसारखी स्वतंत्र विकता येत नाही, ती इमारतीच्या सामाईक जागेचा भाग आहे. निकाल आला तेव्हा पैसे देऊन बसलेल्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. पुढे २०१६ चा रेरा, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणारा केंद्राचा कायदा, आला. त्यानुसार उघडं पार्किंग सामाईकच, बिल्डरला विकता येत नाही. छप्पर असलेल्या जागेचा व्यवहार मात्र करारात लिहून होऊ शकतो. एप्रिल २०२४ मध्ये महारेराने, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, त्यापुढे जाऊन सांगितलं, की करारात पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा लिहायची. उंचीसुद्धा लिहायला लागली यावरून ओळखावं, किती जणांनी खाली वाकून गाडीतून उतरण्याजोगी पार्किंगं विकत घेतली असतील.

कोल्हापुरात आणखी एक गुंता आहे. इथल्या पुष्कळ इमारती सहकारी सोसायट्या नाहीत, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र करून झालेल्या आहेत. सोसायटीत कमिटी आदर्श उपविधींवर बोट ठेवू शकते : आधी येईल त्याला आधी, एका सभासदाला साधारणपणे एकच जागा, गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर दरवर्षी सोडत. अपार्टमेंटमध्ये घोषणापत्रात बिल्डरने ज्या फ्लॅटपुढे 'मर्यादित सामाईक जागा' (ठरावीक फ्लॅटनीच वापरायची सामाईक जागा) म्हणून पार्किंग लिहिलं असेल, तो माणूस तो कागद नाचवतो. बहुतेकांनी तो कागद फ्लॅट घेताना वाचलेला नसतो. मी स्वतः वाचला तो राहायला आल्यावर सहा वर्षांनी, शेजाऱ्याशी वाजल्यावर.

सगळ्यांत वाईट स्थिती खाली गाळे आणि वर फ्लॅट अशा इमारतींची. राजारामपुरीत मुख्य रस्त्याला लागून अशा इमारती ओळीने आहेत. सकाळी दहा ते रात्री नऊ पुढची मोकळी जागा दुकानाच्या गिऱ्हाइकांची, रात्री रहिवाशांची, असा अलिखित करार असतो. तो सणासुदीला आणि रविवारी मोडतो. दुकानदार म्हणतो, मेंटेनन्स मीही भरतो. वरचा म्हणतो, माझ्या दारात मलाच जागा नाही. दोघांचंही खरं असतं. गिऱ्हाइकाला यातलं काही माहीत नसतं, तो सम-विषम तारखेचा पी-१, पी-२ फलक बघून आज कोणती बाजू याचा हिशेब करतो, चुकतो, आणि क्रेनच्या मागे पळत सुटतो. डिसेंबर २०२१ पासून राज्यात दंड वाढले. पूर्वी शंभर-दोनशेत भागायचं, आता पहिल्या वेळी पाचशे आणि पुन्हा केलं तर दीड हजार.

मंदिर परिसराचं गणित याहून निराळं. अंबाबाईच्या दर्शनाला येणारी गाडी कुणाच्याही मालमत्तेची नाही, ती शहराची पाहुणी. महाद्वार रोड, ताराबाई रोड, गुजरी या रस्त्यांना तिचा भार पेलत नाही, म्हणून बिंदू चौक, दसरा चौक, गाडीअड्डा अशा जागा पुढे येतात. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर रुग्णालयासमोर सुरू झालं. सहा जिल्ह्यांचे पक्षकार आणि वकील आता त्याच पट्ट्यात येतात, जिथे आधीच रुग्णालय आणि बाजार होता. बेंचसाठी शहराने चाळीसेक वर्षं आंदोलन केलं. गाड्या कुठे लावणार, हे त्या सगळ्या वर्षांत कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

आमच्या इमारतीत चौदा फ्लॅट आणि नऊ चारचाकींच्या जागा. दरवर्षी वार्षिक सभेत स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या नातीला काढायला लावतो, कारण तिच्यावर कुणी आरोप करू शकत नाही. सोडतीची ही पद्धत बारा वर्षं सुरळीत चालली. गेल्या साली एकाने इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि आपल्या मीटरवरून वायर ओढून खांबाला चार्जिंगचा बॉक्स बसवला, स्वतःच्या खर्चाने. आता सोडतीत ती जागा दुसऱ्याला निघाली तर बॉक्स कुणाचा, वायर कोण काढणार आणि भोकं कोण बुजवणार? सप्टेंबरच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो सातवा विषय आहे, आणि पत्रिका वाटल्यापासून दोघं जण एकमेकांशी बोलत नाहीत.